इंदूर: सराफ्याशिवाय कौतुक अपुरं

तुमचा इंदूरवरचा लेख वाचला. इंदूरने २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढला, त्याचं कौतुक हवंच. पण खाण्याचा विषय पोहे-जिलेबीवर थांबवलात, हे काही बरोबर नाही! सराफ्यात, म्हणजे तिथल्या सराफा बाजारात, रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्यापुढेच कढया चढतात. थंडीत गराडू चुकवू नका. कंदाचे तुकडे खरपूस तळून वर लिंबू आणि जीरावन मसाला, तोंड पोळलं तरी हात थांबत नाही. भुट्ट्याचा कीस मात्र दुधात शिजलेला, मऊ. आणि स्वच्छतेचं म्हणाल, तर शहराचा वेगळा केलेला ओला कचरा देवगुराडिया भागातल्या प्रकल्पात जातो. २०२२ पासून तिथे त्यापासून बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांचा इंधन वायू, तयार होतो आणि त्यावर सिटी बस धावतात. आणि हो, छप्पन दुकान ही दुसरी खाऊगल्ली संध्याकाळी उरका, सराफा रात्री दहानंतरच.