आल्याचा सोडा: बाटलीत गॅस भरायला किती तास लागतात?

आंबटगोड
प्रमाण असं: 2 लिटर पाणी, 200 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम किसलेलं आलं, दोन लिंबं, पाव चमचा ब्रेडचं कोरडं यीस्ट. रेसिपीत ‘दोन-तीन दिवस बाहेर ठेवा’ लिहिलंय. एक बाटली रात्रीत टणक झाली, दुसरी अजून मऊच. पातेलं एकच होतं. नक्की किती वेळ ठेवायचं? काचेची बाटली चालेल का?

सात रस्ता
ते दोन-तीन दिवस 20 अंशाच्या घरातले. सोलापुरात एप्रिलमध्ये स्लॅबखालच्या खोलीत 30-32 अंशाला 12 ते 18 तास पुरतात, दुपारी खोली 36 च्या वर गेली तर 8-10 सुद्धा. घड्याळ बघू नका, बाटली दाबा. अंगठा आत जात नाही असं झालं की लगेच फ्रीजमध्ये.

घरी बिअर करणारे गॅससाठी बाटली दोन आठवडे ठेवतात, ते इथे लावू नका. त्यांची साखर आधीच संपलेली असते, बाटलीत लिटरला 6-7 ग्रॅम मोजून घालतात, ती संपली की गॅस थांबतो. तुमच्याकडे लिटरला 100 ग्रॅम आहे. 4 ग्रॅम साखरेमागे साधारण एक लिटर गॅस धरा. लिटरभर सोड्याला तीन-साडेतीन लिटर गॅस पुरतो, म्हणजे 12-14 ग्रॅम साखर. बाकीची साखर यीस्टसाठी ताट वाढून ठेवल्यासारखी, थांबवणार फक्त थंडी.

यीस्टवाला
मऊ बाटलीची दोन कारणं असू शकतात. एक, झाकण: बाटली पाण्यात उलटी धरून दाबा, बुडबुडे आले तर झाकण बदला. दोन, यीस्ट पातेल्याच्या तळाशी बसतं. न ढवळता भरलं की एकीत जास्त जातं, एकीत कमी. प्रत्येक बाटली भरण्याआधी ढवळा. पाक 35 अंशाखाली आल्यावरच यीस्ट घाला, गरम पाकात ते मरतं. नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास येत असेल तर उकळून निववा.

सात रस्ता
काच नको. फुटली तर तुकडे उडतात, आणि काच दाबून अंदाजही येत नाही. कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटलीच घ्या. पाण्याची पातळ बाटली हा दाब सोसत नाही. वर दोन-तीन बोटं जागा सोडा.

आंबटगोड
आभार. झाकण उघडलं की निम्मं फेसातच जातं, त्याला काय?

यीस्टवाला
नीट थंड झालेलं नसतं. गार पाण्यात गॅस जास्त मुरतो, म्हणून फ्रीजमध्ये किमान 12 तास. उभी ठेवा, गाळ खाली बसू दे. आल्याचा चोथा राहिला तरी फेस उसळतो. भरण्याआधी फडक्यातून गाळा. उघडताना झाकण थोडं सैल करायचं, फेस चढला की परत आवळायचं.

होटगी रोड
लाइट जास्त वेळ गेली तर फ्रीजमधल्या बाटल्या दाबून बघाच, यीस्ट परत जागं होतं. बाहेर ठेवताना ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा. आपल्या कोरड्या हवेत पोतं चांगलं गार राहतं, गॅस सावकाश भरतो आणि यीस्टचा उग्र वास कमी येतो. आठवड्यात संपवा. अर्धा-पाऊण टक्का अल्कोहोल यात होतंच, लहान मुलांना देणार असाल तर साधं आलं-लिंबू सरबत आणि बाजारचा सोडा बरा.