मदत हवी आहे: लँडलाइनऐवजी इंटरनेट फोन घेताना येणारे कॉल आणि वीज जाणे यांची सोय कशी करावी?

नमस्कार,

आईच्या घरची लँडलाइन बंद करून तिच्या सध्याच्याच फोनला इंटरनेटवरून चालणारी सेवा जोडून द्यावी, असा विचार आहे. तांब्याच्या तारेवर सतत खरखर येते, दुरुस्ती फार काळ टिकत नाही आणि घरात फायबरचे ब्रॉडबँड आधीपासून आहे. आई एकटी राहते आणि तिला मोबाइलची सवय नाही. रिसीव्हर कानाला लावून डायल टोन ऐकल्याखेरीज ती नंबर दाबत नाही, आणि घंटी आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल एवढी मोठी असावी लागते. म्हणून मोबाइल अॅपचा पर्याय मी बाजूला ठेवला असून, साधा फोन ज्याला जोडता येतो असा अडॅप्टर घेऊन तो आधी माझ्या घरी तपासून पाहत आहे. आवाज स्वच्छ येतो, याबद्दल काहीच तक्रार नाही.

अडचण येणाऱ्या कॉलची आहे. अडॅप्टर सुरू केल्यावर लगेच कोणी फोन केला तर घंटी वाजते. मात्र काही वेळ फोन वापरलाच नाही तर पलीकडच्या माणसाला घंटी वाजत असल्याचे ऐकू येते आणि इथे फोन गप्प असतो. अडॅप्टरवरचा हिरवा दिवा त्या वेळीही लागलेला असतो, त्यामुळे सेवा बंद पडली आहे असे वाटतही नाही. इथून एखादा कॉल बाहेर केला की पुढचा थोडा वेळ येणारे कॉलही पुन्हा नीट लागतात. यावरून माझा अंदाज असा आहे की दोष अडॅप्टरचा नसून राउटरचा असावा. अडॅप्टरने कंपनीच्या सर्व्हरशी बोलणे सुरू केले की राउटर त्या संवादाची नोंद ठेवतो, पण देवाणघेवाण थांबली की ती नोंद लवकरच पुसून टाकतो. काही राउटरांमध्ये ही मुदत जेमतेम 30 सेकंदांची असते. अडॅप्टरची नोंदणी (आपण कुठे आहोत हे सर्व्हरला कळवणे) मात्र 3600 सेकंदांनी, म्हणजे तासातून एकदा, होते आहे. मधल्या काळात आलेला कॉल कुठे पाठवायचा हे राउटरला ठाऊक नसल्यामुळे तो बाहेरच अडतो.

राउटरमधील ‘सिप एएलजी’ (इंटरनेट फोनच्या संदेशांमध्ये राउटरने स्वतःच फेरफार करण्याची) ही सोय मी बंद केली आहे. पूर्वी अधूनमधून एकाच बाजूचा आवाज ऐकू येत असे, तो प्रकार त्यानंतर थांबला. येणाऱ्या कॉलची अडचण तशीच आहे. आता नोंदणीचा कालावधी कमी करावा, की अडॅप्टरमधील ‘कीप अलाइव्ह’ सुरू करून दर 20 सेकंदांनी छोटासा संदेश जाऊ द्यावा? दुसरा मार्ग मला अधिक बरा वाटतो, कारण वारंवार नोंदणी केल्यास काही सेवा तात्पुरती बंदी घालतात असे वाचले आहे. इंटरनेट फोनचे संदेश ज्यावरून येतात तो राउटरचा पोर्ट 5060 बाहेरून थेट उघडून देण्याचा सल्लाही मिळाला, परंतु त्यामुळे अनोळखी यंत्रे रात्री-अपरात्री फोन वाजवू लागतात, म्हणून ते करण्याची माझी तयारी नाही. हा त्रास ज्यांनी निस्तरला आहे त्यांनी कृपया आपल्या सेटिंग्ज सांगाव्यात.

दुसरी काळजी विजेची आहे, आणि माझ्या मते ती याहून मोठी आहे. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच त्याच तारेवर साधारण 48 व्होल्टचा पुरवठा मिळत असल्यामुळे घरातली वीज गेली तरी फोन चालू राहत असे. आता फायबरचा मोडेम, राउटर आणि अडॅप्टर या तिन्हींना वीज लागते आणि त्यातले एक जरी बंद पडले तरी डायल टोन येत नाही. माझ्याकडचा राउटर 12 व्होल्टचा आणि अडॅप्टर 5 व्होल्टचा आहे. दोन्ही व्होल्टेज देणारा छोटा यूपीएस कोणी दीर्घकाळ वापरला आहे का, आणि त्याची बॅटरी किती टिकते? शिवाय फायबर थेट घरापर्यंत न येता इमारतीतल्या स्विचवरून केबल आत येत असेल, तर तो स्विच बंद पडल्यावर घरातल्या यूपीएसचा काहीच उपयोग नाही. आईकडे नेमके काय आहे, हे मी तपासून घेणार आहे.

इंटरनेटच्या वेगाची चिंता नाही. जी.711 (आवाज डिजिटल रूपात पाठवण्याची एक नेहमीची पद्धत) पद्धतीच्या कॉलला, आवाजासोबत जाणारी पत्ता वगैरे जादा माहिती धरूनही, प्रत्येक दिशेला 100 केबीपीएसपेक्षाही कमी लागतात. घरात कोणी मोठी फाइल अपलोड करू लागले की मात्र आवाज तुटतो, तेवढ्यापुरते राउटरमध्ये फोनला प्राधान्य देऊन ठेवले आहे.

घरातल्या वायरिंगबद्दलही विचारायचे आहे. आईकडे दोन खोल्यांत फोन आहेत. अडॅप्टरची तार भिंतीतल्या सॉकेटला जोडली तर दोन्ही वाजू शकतील, पण त्याआधी बाहेरून येणारी तार पूर्णपणे सोडवावी लागते, नाहीतर एक्स्चेंजच्या व्होल्टेजमुळे अडॅप्टर जळू शकतो, एवढे मला माहीत आहे. प्रश्न असा, की एवढासा अडॅप्टर दोन जुन्या फोनच्या घंट्या पूर्ण जोराने वाजवू शकतो का?

आणीबाणीच्या नंबरांबाबत कोणाचा अनुभव असल्यास तोही लिहावा. इंटरनेट फोन कुठल्याही जोडणीवर चालत असल्यामुळे, कंपनीकडे नोंदवलेला पत्ता जुना राहिला तर मदत चुकीच्या जागी जाण्याचा धोका असतो. माझ्या घरी तपासलेला हाच अडॅप्टर पुढे आईकडे जाणार आहे, म्हणून हे विशेष महत्त्वाचे आहे.

आईचा जुना नंबर नव्या सेवेकडे नेण्यासाठी अर्ज करायचा आहे आणि तो नंबर तिकडे सुरू होईपर्यंत लँडलाइन बंद करणार नाही. येणारे कॉल खात्रीने लागू लागल्याशिवाय तो अर्जही देणार नाही, त्यामुळे कृपया पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे. अडॅप्टर आणि राउटर यांच्या सेटिंग्जची आणखी माहिती लागल्यास विचारा, मी इथेच लिहीन.