ओळींचे कॉलम: क्वेरीत करायचे की क्वेरीबाहेर?

रकानेदार
विक्रीचं टेबल उभं असतं: शाखा, वर्ष, महिना, रक्कम. अहवालात मात्र शाखा डावीकडे आणि बारा महिने आडवे हवे असतात. हे आडवं करायचं कुठे, क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या मागणीत) की तिच्या बाहेर, यावर वाद ठरलेला.

माझं मत: कॉलम आधीच माहीत असतील (महिने, तिमाही, हो/नाही) तर खुशाल क्वेरीत करा. पण कॉलम डेटावरून ठरणार असतील, म्हणजे आज सात प्रकार आणि उद्या नऊ, तर क्वेरीनं उभ्या ओळी द्याव्यात आणि मांडणी अहवालाच्या कोडनं करावी. निकालात कोणते कॉलम असतील हे एसक्यूएलला (क्वेरी लिहायच्या भाषेला) क्वेरी चालण्याआधी कळावं लागतं. डेटा बघून कॉलम वाढवणं हा त्या भाषेचा स्वभाव नाही.

ठरलेल्या कॉलमसाठी हे पुरतं:

सिलेक्ट शाखा,
सम(केस व्हेन महिना = १ देन रक्कम एंड) ॲज जाने,
सम(केस व्हेन महिना = २ देन रक्कम एंड) ॲज फेब्रु
फ्रॉम विक्री व्हेअर वर्ष = २०२४ ग्रुप बाय शाखा

पुढचे दहा महिने असेच. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूलाइट, या सगळ्या डेटाबेसांत चालतं.

आळशी_विकासक
बारा ओळी हातानं कशाला? एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ पासून पिव्हट (ओळींचे कॉलम करणारी तयार सोय) आहे, ओरॅकलमध्ये ११जी पासून. कंसात महिने लिहिले की काम झालं. वाचणाऱ्यालाही लगेच कळतं की इथे पिव्हट चाललंय.

शून्यवादी
@आळशी_विकासक, कळतं खरं, पण ग्रुप बाय (कशाच्या गटानं बेरीज करायची ते) कुठे दिसतो सांगा बघू. पिव्हटमध्ये तो लिहायचा नसतो. ज्या कॉलमांचा पिव्हटमध्ये उल्लेख नाही, ते सगळे आपोआप गटात जातात. टेबलात बिलक्रमांक असेल आणि पिव्हट थेट टेबलावर लावला, तर शाखेमागे एक ओळ न येता बिलामागे एक येते, आणि प्रत्येक ओळीत एक आकडा व अकरा नल (रिकाम्या जागा). आज नीट चालणारी क्वेरी सहा महिन्यांनी कुणी टेबलात एक कॉलम वाढवला की बिघडते. म्हणून आत सबक्वेरी करून फक्त शाखा, महिना, रक्कम एवढेच कॉलम घ्यायचे. शिवाय एसक्यूएल सर्व्हरच्या एका पिव्हटमध्ये ॲग्रिगेट (बेरीज, मोजणी, सरासरी असं गटाचं फंक्शन) एकच बसतं आणि काउंट(*) तर चालतच नाही. बेरीज आणि बिलांची संख्या दोन्ही हवी असेल तर फिरून केस व्हेनच. ओरॅकल याबाबतीत उदार आहे, एकापेक्षा जास्त ॲग्रिगेट घेतं.

@रकानेदार, केसमध्ये एल्स ० (नाहीतर शून्य) लिहिलं नाहीत ते बरं केलंत. बरेच जण सवयीनं लिहितात. सममध्ये खपून जातं. ॲव्हरेजमध्ये सरासरी कोसळते, मिनमध्ये भलतंच शून्य येतं, आणि काउंटमध्ये तर प्रत्येक महिन्याखाली गटातल्या सगळ्या ओळींची संख्या दिसते, कारण शून्य म्हणजे नल नव्हे. अहवालात शून्य दिसायला हवं असेल तर पूर्ण सम बाहेरून कोअलेसमध्ये (नलऐवजी दुसरा आकडा ठेवणारं फंक्शन) गुंडाळा.

हत्तीमित्र
पोस्टग्रेसवाल्यांनी केस लिहायचीही गरज नाही. ९.४ पासून सम(रक्कम) फिल्टर (व्हेअर महिना = १) चालतं. एसक्यूलाइटमध्ये ३.३० पासून. मायएसक्यूएलमध्ये नाही.

मात्र पोस्टग्रेसच्या टेबलफंक एक्स्टेंशनमधलं क्रॉसटॅब (आडवं करणारं फंक्शन) जपून वापरा. त्याचं एका क्वेरीचं रूप वर्गाचं नाव (इथे महिना) बघतच नाही, आलेल्या किमती (व्हॅल्यू) डावीकडून भरत जातं. समजा 'ब' शाखेच्या जानेवारी आणि मार्चच्याच ओळी आहेत. मार्चचा आकडा मुकाट फेब्रुवारीखाली बसतो आणि नल शेवटी जातो. एरर नाही, वॉर्निंग नाही, बेरीजही जुळते. दुसऱ्या पॅरामीटरमध्ये महिन्यांची यादी देणारी क्वेरी द्या, मग आकडे आपापल्या जागी बसतात. पहिल्या क्वेरीत ऑर्डर बाय विसरू नका, आणि निकालाचे कॉलम व त्यांचे प्रकार ॲजनंतर हातानंच लिहायचे असतात. म्हणजे रकानेदारांचा मुद्दा इथेही सुटत नाही.

गतिमान
ठरलेल्या कॉलमांवर कोण वाद घालतंय? खरा प्रश्न बदलत्या कॉलमांचा, आणि तिथे मी रकानेदारांच्या विरुद्ध आहे. डायनॅमिक एसक्यूएल म्हणजे काही जादूटोणा नाही. वेगळ्या किमतींची यादी काढा, तिच्यातून क्वेरीचा मजकूर तयार करा, चालवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलमचं नाव कोटनेममधून (नाव सुरक्षित अवतरणात घालणारं फंक्शन) काढा, पोस्टग्रेसमध्ये फॉरमॅटच्या %आय मधून; किंमत म्हणून येणारा मजकूर %एल मधून. डेटातून आलेलं नाव कच्चं जोडलंत तर इंजेक्शनला (डेटातून घुसवलेल्या आज्ञांना) दार उघडं, एवढं पाळा.

मायएसक्यूएलमध्ये ग्रुप_कॉनकॅट (ओळींतला मजकूर जोडणारं फंक्शन) वापरता तेव्हा ग्रुप_कॉनकॅट_मॅक्स_लेन आधी वाढवा. मूळ मर्यादा १०२४ बाइटची आहे. एका कॉलमचा केस साधारण ६० बाइटचा धरला तर सतराव्या कॉलमच्या आसपास मजकूर कापला जातो. मग प्रिपेअर (मजकुराची क्वेरी बनवणारी आज्ञा) सिंटॅक्सची तक्रार करतं आणि माणूस स्वल्पविराम शोधत बसतो.

यावर सांगा: 'मार्चमधल्या पहिल्या २० शाखा' अशी क्रमवारी आणि पानं हवी असतील तर तुमचा अहवालाचा कोड काय करणार? सगळ्या शाखा मागवणार?

रकानेदार
@गतिमान, चांगला प्रश्न, पण त्यासाठी सगळे कॉलम आडवे करावे लागत नाहीत. क्रमवारीचा महिना एकच असतो. ग्रुप बाय शाखा करून ऑर्डर बायमध्ये त्या एका महिन्याचा सम(केस...) द्या, महिना पॅरामीटर म्हणून. नल क्रमवारीत पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये उतरत्या क्रमाला वर येतात, म्हणून तिथेही कोअलेस लावा. वीस शाखा मिळाल्या की त्यांच्याच उभ्या ओळी आणा. क्वेरीचा मजकूर कधीच बदलत नाही. तुमच्या पद्धतीत एक प्रकार वाढला की नवा मजकूर, नवा प्लॅन (क्वेरी चालवायचा आराखडा); आणि निकाल जिथे जातो तिथल्या एक्स्पोर्टला अनोळखी कॉलम भेटतो.

'नेटवर्कवर डेटा फार जाईल' हेही खरं नाही. बेरीज डेटाबेसमध्येच करायची, शाखा आणि महिना यांवर. ५०० शाखा असतील तर जास्तीत जास्त ६००० ओळी. आडव्या तक्त्यातही आकडे तेवढेच.

गतिमान
म्हणजे दोन फेऱ्या. मधल्या वेळात डेटा बदलला तर क्रम एक आणि आकडे दुसरे. एकाच क्वेरीत सबक्वेरी करून जोडाल, मान्य, पण मग साधेपणाचा दावा सोडा.

शून्यवादी
अहवालाच्या कोडकडे काम सोपवणाऱ्यांसाठी: पांडाजमध्ये (पायथनची डेटा लायब्ररी) पिव्हट_टेबल मुळात सरासरी काढतं. ॲगफंक (कोणतं ॲग्रिगेट हवं ते) सांगितलं नाही आणि एका शाखेच्या महिन्याला दोन ओळी असतील, तर बेरजेऐवजी सरासरी छापली जाते. नुसतं पिव्हट निदान दुबार नोंदीवर एरर देतं.

गुणधर्म_पीडित
माझ्याकडे वस्तू, गुणधर्म, किंमत असं टेबल आहे. ७० गुणधर्म, प्रत्येकासाठी एक लेफ्ट जॉइन (टेबलांची जोडणी). मायएसक्यूएल नकार देतंय.

हत्तीमित्र
@गुणधर्म_पीडित, देणारच. एका जॉइनमध्ये ६१ टेबलांच्या वर ते जात नाही. ते ७० जॉइन काढून टाका, ग्रुप बाय वस्तू करून मॅक्स(केस व्हेन गुणधर्म = 'रंग' देन किंमत एंड) असे कॉलम घ्या; टेबल एकदाच वाचलं जाईल. दोन सावधगिऱ्या. एकाच वस्तूला 'रंग' दोनदा असेल तर मॅक्स एक किंमत गिळून टाकतं, म्हणून आधी ग्रुप बाय वस्तू, गुणधर्म हॅविंग काउंट(*) > १ चालवून बघा. आणि किंमत मजकूर प्रकारची असेल तर '९' हा '१०' पेक्षा मोठा ठरतो. आकडे असतील ते आधी कास्ट करून संख्या बनवा.

@गतिमान, तुमच्या %आय ला एक पुरवणी: पोस्टग्रेस कॉलमचं नाव ६३ बाइटवर कापतं. देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, मात्रासुद्धा. म्हणजे २१ चिन्हं. डेटातून लांब मराठी नावं आली आणि पहिली २१ सारखी असली, तर निकालात एकाच नावाचे दोन कॉलम येतात.

गतिमान
म्हणून कॉलमला क्रमांक द्यायचे, क१, क२, आणि नावांची यादी वेगळी पाठवायची.

रकानेदार
आणि ती यादी वाचून मथळे लावणार कोण? अहवालाचाच कोड ना?