डीएपी आणि डोहातले मासे
कुणीतरी लिहिलंय, वणव्यावर विमानातून टाकतात तो लाल द्रव 'शेवटी खतच', माशांना काय होतंय! खतच आहे, अमोनियम फॉस्फेट, आपल्या डीएपीच्याच घरातलं. पण पाण्यात त्यातून अमोनिया सुटतो, आणि पाणी जितकं कोमट नि अल्कधर्मी, तितका तो जहाल. कल्ल्यांवाटे थेट रक्तात. म्हणून तर अमेरिकेत नदी-ओढ्यापासून ३०० फूट सोडून टाकायचा नियम आहे. (तरी पडतोच, २०२३ मध्ये कोर्टानं वनखात्याला त्यावरून दोषी धरलं, वापर मात्र थांबवला नाही.)

बेळगावजवळच्या खानापूर-कणकुंबीकडं अजून हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपतात, तेच बरं. उन्हाळ्यात तिकडचे ओढे डोहांपुरतेच उरतात. वाहतं पाणीच नाही, तर विष पातळ होणार कसं? आणि त्याऐवजी आग विझवायचा फेस मारा म्हणणाऱ्यांनो, त्यात साबणाच्या जातीची द्रव्यं असतात, ती कल्ल्यांचीच वाट लावतात.