मदत हवी आहे: डी अँड डीमधल्या विझार्डला स्पेल स्लॉटऐवजी काय द्यावं?

"मामा, मंत्र पाठ आहे ना मला, मग म्हणता का येत नाही?"

भाचीच्या या प्रश्नावर मी अडकलोय. दादरला मित्राच्या घरी महिन्यातून दोन रविवारी आम्ही पाच जण डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) याची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ चे नियम, डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. भाची बारावीत आहे, हे तिचं पहिलंच कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट), पात्र विझार्ड, म्हणजे जादूगार. पात्र पाचव्या लेव्हलला पोहोचून फायरबॉल हा आगीचा मंत्र हाती आला तेव्हा स्टीलच्या ताटात आठ फासे टाकताना तिचे हात थरथरत होते. पण फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा मंत्र, आणि त्या लेव्हलचे स्लॉट (मंत्र म्हणायच्या दिवसाच्या मोजक्या संधी) दोनच, आर्केन रिकव्हरीने, म्हणजे थोडी विश्रांती घेऊन, फार तर आणखी एक. ते संपले की वही मिटून बसते.

मी तिला पूर्वपीठिका सांगितली. १९७४ च्या मूळ खेळात मंत्र वापरला की डोक्यातून पुसला जायचा, ही कल्पना जॅक व्हान्सच्या १९५० च्या कथांमधून आली. आता मंत्र विसरत नाही, फक्त स्लॉट खर्च होतो. तिला पटलं नाही आणि मलाही मनापासून पटलेलं नाही. आपण ज्या गोष्टी ऐकत मोठे झालो त्यांत मंत्र विसरणं हा शाप आहे, रोजचा नियम नाही. कर्णाला ऐन वेळी अस्त्र आठवू नये म्हणून परशुरामाला शाप द्यावा लागला.

मग डीएमच्या पुस्तकातले स्पेल पॉइंट वापरून पाहिले. पाचव्या लेव्हलला २७ पॉइंट; पहिल्या लेव्हलच्या मंत्राला २, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ५. वाटीत २७ चिंचोके मोजून दिले. खेळायला फार छान वाटलं, पण गणित सरळ आहे: पाच फायरबॉल. तिने दोन लढायांत पाचही टाकले. आमचा फायटर जम्बो ब्लॉकमधून वाट काढत विरारहून येतो, त्या दिवशी त्याची तलवार दोनदाच चालली. त्याचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं.

आर्स मॅजिका हा दुसरा खेळही वाचला. पाच क्रिया आणि दहा विषय जोडून तिथल्या तिथे मंत्र रचायचा, ही कल्पना अप्रतिम आहे. पण नव्या खेळाडूसाठी प्रत्येक वेळी घासाघीस होणार आणि बाकीचे चहा पीत बसणार.

माझ्या डोक्यात अश्वत्थामा आहे. अस्त्र सोडता दोघांना येत होतं, परत घेता फक्त अर्जुनाला आलं. म्हणजे मंत्र म्हणणं सोपं, आवरणं कठीण. हे नियमात कसं बसवू? कोणी असं काही टेबलावर चालवलंय का?

प्रतिसाद १

धाग्यातच उत्तर आहे तुमचं. डंजन क्रॉल क्लासिक्स या खेळात प्रत्येक मंत्राला वीस बाजूंचा फासा टाकतात, लक्ष्य १० अधिक मंत्राच्या लेव्हलची दुप्पट. तोच आकडा घ्या, पण मंत्र लागला की नाही यासाठी नको, उपसंहारासाठी, म्हणजे मंत्र आवरण्यासाठी. मंत्र नेहमी लागणार, फासा फक्त किंमत ठरवणार. नाहीतर पोरीचा फायरबॉल फुसका निघाला की ती पुन्हा वही मिटणार.

तिची बुद्धी १८ असेल तर बोनस बुद्धीचे ४ अधिक पाचव्या लेव्हलचे ३, म्हणजे ७. फायरबॉलला लक्ष्य १६, फाशावर ९ किंवा जास्त हवेत: ६० टक्के. पहिल्या लेव्हलच्या मंत्राला ८० टक्के. तोच मंत्र त्याच दिवशी पुन्हा म्हटला तर दर वेळी लक्ष्य २ ने वाढवा. दुसरा फायरबॉल ५० टक्के, तिसरा ४०. आमच्याकडे हे आठ सेशन चाललं. फसलं की एक्झॉशनची, म्हणजे थकव्याची, एक पायरी.

धागाकर्ता

मनापासून आभार! मंत्र नेहमी लागणार, हे मला सुचलंच नव्हतं.

एक्झॉशनची मात्र धास्ती वाटते. पहिल्याच पायरीला ॲबिलिटी चेकवर (क्षमता तपासायच्या फाशावर) डिसॲडव्हान्टेज येतं, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा, आणि आपला उपसंहार हाही चेकच. एकदा घसरली की घसरतच जाईल. त्याऐवजी हिट डाइस (विश्रांतीत जखमा भरून काढायचे फासे) घेतले तर? पाचव्या लेव्हलला तिच्याकडे पाच आहेत, लाँग रेस्टला, म्हणजे रात्रीच्या विश्रांतीला, दोनच परत मिळतात. म्हणजे किंमत दुसऱ्या दिवशीही जाणवेल.

प्रतिसाद १

चालेल, उलट जास्त चांगलं. फक्त हिट डाइस संपल्यावर काय, ते आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ता

ते ठरवलंय. संपल्यावर फसलेला मंत्र जवळच्या सोबत्याकडे वळेल. अश्वत्थाम्याचं अस्त्रही शेवटी उत्तरेच्या गर्भाकडेच वळलं होतं. तिच्या सर्वांत जवळ फायटर उभा असतो, त्याला आज रात्री फोन करून विचारतो. तो हो म्हणाला तरच येत्या रविवारी वाटीत पाच चिंचोके ठेवीन.