वैनगंगेची एका दिवसाची सहल: काय ठेवावं, काय गाळावं?

प्रश्न (नववीचा_भूगोल, नागपूर): नववीच्या 40 मुलांना वैनगंगा दाखवायची आहे. सकाळी 7 ला बस, अंधाराआधी परत. यादीत आंभोरा, गोसेखुर्द धरण, पवनी, मार्कंडा. काय गाळू?

धानपट्टा: मार्कंडा गाळा. गडचिरोलीतला चामोर्शी तालुका, जाण्यायेण्यातच दिवस संपेल. तिथे नदी उत्तरवाहिनी होते, ते नकाशावर दाखवा.

सुरुवात मात्र नाग नदीपासून करा. नाग कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. चपराळ्याजवळ वर्धा आली की दोघींची प्राणहिता, आणि सिरोंच्याजवळ गोदावरी. म्हणजे सीताबर्डीचं सांडपाणीही बंगालच्या उपसागराच्या वाटेवर! कोऱ्या नकाशावर मुलांनाच बाण काढू द्या. वैनगंगा सातपुड्यातली, आणि सातपुडा म्हटलं की तापी-नर्मदा आठवते आणि बाण हमखास पश्चिमेला जातात.

पवनीकर: आंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम 'दिसेल' असं सांगून नेऊ नका. वैनगंगा, कन्हान, आंब, मुर्झा, कोलारी ही नावं खरी, पण गोसेखुर्दचं बॅकवॉटर तिथवर चढलंय. चैतन्येश्वराच्या टेकडीवरून सगळा एकच पाणपसारा.

इतिहासासाठी पवनीच. तीन बाजूंना जुना तट नि खंदक, चौथीला नदी. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झालं, विटांचा स्तूप आणि ब्राह्मी लेख निघाले. सांचीसारखं काही उभं नाही, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर 'इथे काय आहे?' सुरू होतं. पवनी धरणाच्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे आंभोऱ्यापेक्षा नदी अगदी वेगळी दिसते.

नववीचा_भूगोल: धानाचा पट्टा नदीमुळेच ना?

धानपट्टा: निम्मं खरं. पात्र खोल, काठ उंच, त्यामुळे पाणी शेतात आपसूक चढत नाही. पूर्वेला पाऊस जास्त, तो अडवायला कोहळी समाजाने तलाव बांधले, तेच मालगुजारी तलाव. धान पिकला तो त्यांच्यावर. जाताना एखादा तलाव आणि त्याची पाळ दाखवाच. वर्धेकडची काळी कापसाची जमीन शेजारी ठेवून सांगितलंत तर फरक लगेच कळतो.

पवनीकर: पावसाळ्यात नेऊ नका. गोसेखुर्दला 33 दरवाजे आहेत. ऑगस्ट 2020 अखेरचा पूर वर मध्य प्रदेशात पडलेल्या पावसाचा होता. इथे ऊन असलं तरी पात्रात उतरवायचं नाही. डिसेंबर बरा. उमरेड-भिवापूरमार्गे आधी पवनी, मग धरण. भिंतीवर जायचं तर परवानगी आधीच काढा. आंभोरा पुढच्या वर्षी.