मनगटातला मज्जातंतू तुटल्याची खबर मानेजवळच्या पेशीला कशी लागते?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा):
यंदा उत्तरायणात गच्चीवर पतंग उडवताना माझ्या धाकट्या भावाच्या मनगटाला मांजा लागला आणि करंगळीकडे जाणारा अल्नर मज्जातंतू पुरता तुटला. शल्यविशारदांनी तो जोडला आणि ‘आता रोज साधारण एक मिलिमीटर वाढेल, धीर धरा’ असे सांगितले. हा तंतू ज्या पेशींचा, त्या मानेच्या खालच्या मणक्यांजवळ, म्हणजे हातभर दूर असतात. तिथे बातमी कशी पोचते आणि पेशींच्या जनुकांत नेमके काय बदलते?

उत्तर १:
जनुके तीच राहतात. त्यांतली कोणती वाचायची, एवढेच बदलते. तंतू चिरताच बाहेरचे कॅल्शियम आत शिरते आणि त्याची लाट पेशीकडे जाते. तिच्यामुळे डीएनए घट्ट गुंडाळून ठेवायला मदत करणारे एचडीएसी-५ हे प्रथिन केंद्रकाबाहेर पडते व डीएनएची घट्ट गुंडाळी काही ठिकाणी सैल होते. दुसरी वाट सावकाशीची आहे. जखमेपाशी जागी झालेली स्टॅट-३सारखी निरोप्या प्रथिने डायनीन या वाहक प्रथिनावर लादून मागे ओढत आणली जातात, आणि मनगटापासून मानेपर्यंत यायला त्यांना काही दिवस लागू शकतात. मग निरोगी पेशीत जवळपास नसलेले एटीएफ-३ हे जनुके चालू-बंद करणारे प्रथिन भराभर तयार होऊ लागते, तशाच कामाचे सी-जून वाढते, आणि तंतूच्या वाढत्या टोकाला लागणाऱ्या गॅप-४३ या प्रथिनाचे उत्पादन चढते. याउलट संदेशवहनाच्या रोजच्या कामाची कित्येक जनुके मंदावतात. म्हणून याला नुसती ‘दुरुस्ती’ म्हणणे मला अपुरे वाटते. पेशी नेहमीची नोकरी सोडून पुन्हा वाढीच्या वयात जाते. पेशीतली ही उलथापालथ जर्मन वैद्य फ्रान्झ निस्सल यांनी १८९२ मध्ये सशाच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूवर सूक्ष्मदर्शकातून पाहिली होती, तेव्हा जनुक हा शब्दही जन्मला नव्हता.

उत्तर २:
एक पुस्ती जोडतो. मणक्यालगतच्या संवेदी पेशीला दोन फाटे असतात, एक हाताकडे आणि एक मज्जारज्जूत जाणारा. आतला फाटा तुटला तर जनुकांचा हा वाढीचा कार्यक्रम नीट सुरूच होत नाही. मात्र आधी बाहेरचा फाटा जखमी केला, तर आतलाही वाढू लागतो, हे रिचर्डसन आणि इसा या संशोधकांनी १९८४ मध्ये उंदरांत दाखवले. भावाचा तंतू बाहेरचा आहे, ही त्यातली जमेची बाजू.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी व्रणापासून पुढे बोटाने टिचक्या मारल्या, तेव्हा तळव्यात चार सेंटिमीटर आत मारलेल्या टिचकीने करंगळीत झिणझिण्या आल्या. तंतूचे वाढते टोक तिथवर आले, असा त्याचा अर्थ; त्यांनी तिथे पेनाने खूण केली आहे.